बोटवाला शुद्धीत असून भागत नाही

मे 2024 मध्ये तीन दिवसांच्या आत दोन बोटी उलटल्या. 21 मेच्या संध्याकाळी उजनीच्या फुगवट्यावर करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडली. एक पोलिस अधिकारी पोहत काठाला लागले, बाकीचे सहा जण गेले. दुसऱ्या दिवशी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत उतरलेले दोन तरुण बुडाले. 23 मेच्या सकाळी शोधासाठी धुळ्याहून आलेलं राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक पाण्यात उतरलं, बंधाऱ्याजवळच्या भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले.

एकीकडे वारा होता, दुसरीकडे भोवरा. दारूचा या दोन्ही दुर्घटनांशी संबंध नव्हता. तरीही पिऊन पाण्यावर जाण्याबद्दल लिहिताना मी सुरुवात यांच्यापासून करतो आहे, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की तो लगेच संस्कारांच्या वळणावर जातो. तरुण पिढी, शहरी उन्माद, देवाधर्माच्या जागी धिंगाणा. दर 1 जानेवारीला हेच शब्द. माझी तक्रार वेगळी आहे. माणसं पाण्यातून बाहेर काढणं हेच ज्यांचं काम, त्यांनाही प्रवरेवरच्या एका बंधाऱ्याने सोडलं नाही. अशा पाण्यावर पोहता न येणारा, चार पेग घेतलेला माणूस बोटीत उभा राहून सेल्फी काढतो, तेव्हा त्याच्या सभ्यतेची चर्चा नंतर करता येईल. आधी वजन, तोल आणि थंड पाणी यांचा हिशेब करायला हवा.

हा हिशेब नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, सगळ्यात जास्त लागू पडतो तो भंडारदऱ्याला. मुळा धरण पाण्याच्या साठ्यात मोठं आहे, नेवासे-शेवगावकडे जायकवाडीचा फुगवटा पसरलेला आहे, पण सहलीची गर्दी ओढतं ते भंडारदराच. 1926 मध्ये पुरं झालेलं इथलं विल्सन धरण सुमारे 270 फूट उंच आहे आणि त्यामागे आर्थर जलाशयात अकरा टीएमसी पाणी मावतं. नकाशावर तो तलाव दिसतो. प्रत्यक्षात ती बुडालेली दरी आहे. गावतळ्याला उतार असतो, पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला लागतं आणि माणूस सावध होतो. इथला काठ म्हणजे डोंगराची कूस. दोन पावलं टाकली की तळ नाही. शेंडी, मुरशेत, उडदावणे, पांजरे, रतनवाडी इथल्या लोकांना हे उपजत ठाऊक असतं. ठाण्याहून किंवा नाशिकहून रात्री अकराला तंबूत पोचलेल्या माणसाला समोर फक्त चांदण्यातलं शांत पाणी दिसतं.

गर्दीचे हंगाम दोन, आणि दोन्ही वेळचं पाणी निरनिराळं. नाताळ ते 31 डिसेंबर या दिवसांत जलाशयात भरपूर पाणी असतं, हवा बोचरी असते आणि पाणी हवेपेक्षा वाईट. मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा हा काजव्यांचा हंगाम. तेव्हा साठा तळाकडे गेलेला असतो आणि पाणी ओसरलेल्या उतारांवर निसरडा गाळ उघडा पडलेला असतो. वळिवाचे दिवसही हेच. दुपारपर्यंत आरशासारखं असलेलं पाणी चारनंतर वारा सुटला की ओळखू येत नाही. उजनीत तेच घडलं होतं. याच दोन हंगामांत गाड्यांच्या डिक्या भरून बाटल्या येतात.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. वर्षअखेरीला भंडारदऱ्याच्या वाटांवर नाकाबंदी लागते, गाड्या तपासल्या जातात, चालकाच्या तोंडाशी यंत्र धरलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा. या तपासणीने निदान शहरी पर्यटकाला एक शहाणपण शिकवलं आहे: ग्रुपमधल्या एकाने प्यायची नाही आणि गाडी त्याने चालवायची. रस्त्यावर ही युक्ती खरोखर चालते. मागच्या सीटवरचा कितीही झिंगलेला असला, तरी त्याच्या डोलण्याने गाडी रस्ता सोडत नाही.

घोटाळा होतो तो हे शहाणपण जसंच्या तसं धक्क्यावर नेलं की. बोट चालवणारा गावचा माणूस, तो पूर्ण शुद्धीत, मग आपण प्यायलो तर बिघडलं कुठे? हा युक्तिवाद करणाऱ्याला स्वतःचं वागणं जबाबदारीचं वाटत असतं. पण लहान बोटीत प्रवासी हा निव्वळ प्रवासी नसतो. तो तिचं वजन असतो. तीन माणसं एकदम उठून एका बाजूला फोटोला गेली तर सुकाणू कोणाच्या हातात आहे याला फारसा अर्थ उरत नाही. आणि अपघात म्हणजे बोटच उलटायला हवी असंही नाही. एक माणूस कडेवरून पडला तरी पुरतं, मग तो वाकून पाण्यात हात घालताना पडो, ओकताना पडो, नाहीतर कडेवर उभा राहून लघवी करताना.

अमेरिकेतल्या संशोधकांनी 2001 मध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत 1990 ते 1998 या काळात हौशी नौकाविहारात मरण पावलेल्यांच्या रक्तातलं अल्कोहोल त्यांनी त्याच पाण्यावर सुखरूप फिरणाऱ्या लोकांशी ताडून पाहिलं. तिकडे लोक स्वतःच्या बोटी स्वतः चालवतात हा फरक धरूनही त्या अभ्यासाचे निष्कर्ष आपल्याला लागू पडतात. दारूने वाढणारा मृत्यूचा धोका चालक आणि प्रवासी यांना जवळपास सारखाच होता. बोट चालू असो की उभी, धोका वाढतच होता. आणि तो फार लवकर सुरू होत होता: 100 मिलिलिटर रक्तात फक्त 10 मिलिग्रॅम अल्कोहोल, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या मर्यादेच्या एक तृतीयांश, तेवढ्यावर मृत्यूची शक्यता सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. 250 मिलिग्रॅमला ती पन्नास पटींच्या वर गेली. याचा अर्थ चालकाची श्वासचाचणी घेऊन बोट सोडून देणं म्हणजे निम्मं कामही नव्हे.

शरीरात काय होतं हे समजलं की हे आकडे चमत्कारिक वाटत नाहीत. तोल सांभाळण्याचं यंत्र आतल्या कानात असतं आणि दारू त्यावरही घाव घालते. बोटीची डुगडुग, इंजिनाचा आवाज, पाण्यावरून परतणारं ऊन, यांनी शुद्धीतला माणूसही थकतो. त्यात तेवढेच पेग जमिनीवरच्यापेक्षा लवकर चढतात. पाण्यात पडल्यावर थंड पाणी कानात गेलं की वर कुठे आणि खाली कुठे हे काही क्षण कळेनासं होतं. प्यायलेल्या माणसाला ते क्षण जास्त लागतात आणि तो कधीकधी तळाच्या दिशेने हात मारतो. दारूने अंग गरम झाल्यासारखं वाटतं ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे, म्हणजे शरीराची ऊब बाहेर निघून चाललेली असते. डिसेंबरमध्ये 'थंडी वाजते म्हणून घेतली' आणि मग पाण्यात पडला, तर तो आणखी वेगाने गारठणार. यात एक गोष्ट मात्र फार कमी लोक लक्षात घेतात. प्यायलेला माणूस ओरडत नाही. तसं बुडणारा कोणताही माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून हाका मारत नसतो, पण प्यायलेला तर आणखी शांतपणे जातो, आणि काठावर गाणी चालू असतात.

लाइफ जॅकेट इथेच उपयोगाला यायचं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या 2023 च्या अहवालात हौशी नौकाविहारातले 564 मृत्यू नोंदले आहेत. कारण समजलेल्या मृत्यूंपैकी तीन चतुर्थांश बुडून झालेले, आणि त्या बुडालेल्यांतल्या 87 टक्के लोकांनी जॅकेट घातलेलं नव्हतं. मृत्यूला हातभार लावणाऱ्या ज्ञात कारणांत त्या अहवालात पहिला क्रमांक दारूचा आहे. ही दोन टोकं एकमेकांना जोडलेली असणार असं मला वाटतं, कारण दारू सगळ्यात आधी काय काढून टाकत असेल तर जॅकेटचा पट्टा. गरम होतं, वास येतो, फोटोत रुबाब जातो. आपल्याकडे तर जॅकेट घालायला देतात तेही असं: उन्हाने रंग उडालेलं, आतला फोम दबलेला, एक बकल तुटलेलं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा नसलेलं. असं जॅकेट पाण्यात अंगावर राहत नाही, वर सरकून कानांशी येतं. बऱ्याच बोटींत ते बुडाखाली उशी म्हणून असतं.

18 डिसेंबर 2024 ला मुंबईच्या बंदरात नौदलाची स्पीडबोट एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली, पंधरा माणसं गेली, आणि गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. त्याआधी त्याच वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला गेलेल्या शाळेची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या होत्या. त्याच्याही आधी, 7 मे 2023 ला, केरळातल्या तानूरला बावीस जण बुडाले. बोट मुळात मासेमारीची, तिचं रूप बदललेलं, गर्दी क्षमतेपेक्षा जास्त आणि वेळ दिवस मावळल्यानंतरची. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची नौका-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं 2017 पासून छापलेली आहेत. प्रत्येक अपघातानंतर ती नव्याने वाचली जातात, एवढंच.

कायद्याकडे वळलं तर एक गंमत दिसते, फारशी हसू न आणणारी. भारतीय न्याय संहितेचं कलम 282 बेदरकारपणे नौका चालवणाऱ्यासाठी आहे आणि 284 भाडं घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या नौकेतून माणसं नेणाऱ्यासाठी. दोन्ही कलमं 1860 च्या दंड संहितेतून जवळपास तशीच आली आहेत, दोन्हींत सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणजे जबाबदार कोण, तर बोटवाला. आणि सार्वजनिक ठिकाणी नशेत गैरवर्तन करणाऱ्याला त्याच संहितेचं कलम 355: चोवीस तासांपर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा समाजसेवा. महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदा याहून कडक आहे हे खरं. त्यात रक्तातल्या प्रमाणाचीही तरतूद आहे, शंभर मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम, आणि पिण्यासाठी परवाना लागतो हेही त्याच कायद्याने ठरवलं आहे, जे पिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. पण हा कायदा धक्क्यावर कोण बजावणार? तिथे उभा असतो तो बोटवाला एकटा, आणि सहा महिन्यांची टांगती तलवार त्याच्याच डोक्यावर.

या माणसाचा विचार केल्याशिवाय कुठलाही नियम कागदावरून उठणार नाही. भंडारदऱ्याच्या काठची गावं महादेव कोळी आणि ठाकर लोकांची. भातशेती पावसावरची, पावसानंतर हाताला काम कमी, आणि ज्या धरणाने त्यांच्या वाडवडिलांची खाचरं बुडवली त्याचं पाणी खाली लाभक्षेत्रातल्या उसाला जातं. बोट, तंबू, चुलीवरचं जेवण, काजव्यांची वाट दाखवणं ही त्यांची अलीकडची कमाई, तीही मोजक्या शनिवार-रविवारची. आता समोर आठ जणांचा ग्रुप येतो. त्यातले पाच प्यायलेले. पूर्ण बोट ठरवायला तयार, वर बक्षिशी देऊ म्हणतात. हा 'नाही' म्हणाला तर ते शेजारच्या बोटीकडे जातील, ती नेईल, आणि याची फेरी फुकट जाईल. शिवाय शिव्या खाव्या लागतील, मोबाइलवर शूटिंग होईल, इंटरनेटवर एक चांदणी देऊन 'उद्धट लोक' असं लिहिलं जाईल. ज्याची मजुरी हो म्हणण्यावर चालते त्याच्यावर नाही म्हणण्याची जबाबदारी आपण टाकली आहे. तो ती पाळत नाही म्हणून त्याला बेजबाबदार ठरवणं मला अप्रामाणिक वाटतं.

बाकीच्या खात्यांची गोष्ट थोडक्यात: पाणी जलसंपदा विभागाचं, भोवतीचं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं म्हणजे वनखात्याचं, दारू उत्पादन शुल्काची, शांतता राजूर पोलिसांची, पर्यटन महामंडळाचं, साहसी पर्यटनाची नोंदणी पर्यटन संचालनालयाची, बोटीचा परवाना मेरीटाइम बोर्डाचा, ज्याचं खरं घर समुद्रकिनाऱ्यावर आहे. 2021 मध्ये संसदेने अंतर्देशीय नौकांसाठी नवा कायदा केला आणि 1917 चा जुना गेला. नोंदणी, तपासणी, क्षमता सगळं त्यात आहे. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता यातलं कोणीही धक्क्यावर नसतं.

यावर दोन बाजूंनी हरकत येते. पहिली याच जिल्ह्याला शोभणारी: दारूच बंद करा. राळेगणसिद्धीचा जिल्हा हा. बायकांनी मतदान करून बाटली आडवी करण्याची परंपरा इथे जिवंत आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या मतदानाने गावातलं दुकान बंद होतं. भंडारदऱ्याच्या काठावर रिचवली जाणारी दारू कल्याणला किंवा नाशिकरोडला विकत घेतलेली असते. ती डिकीतून येते, बारी-वारंघुशीकडून वर चढते आणि तिला ग्रामसभेचा ठराव लागू होत नाही. पोलिसांनी सगळ्या डिक्या उघडल्या तर एका रात्रीपुरतं भागेल, वर्षभर नाही. दुसरी हरकत उलट टोकाची: सज्ञान माणसाने सुट्टीत काय प्यावं हा त्याचा प्रश्न. मान्य. तंबूत बसून प्यायलेल्याशी माझं भांडण नाही. त्याने रात्री दोनला 'जरा डुबकी मारून येतो' म्हटलं की मात्र प्रश्न त्याचा एकट्याचा राहत नाही. त्याला शोधायला सकाळी गावातली पट्टीची पोहणारी पोरं उतरतात, ज्यांना विमा नाही, दोर नाही. आणि सुगावला काय झालं ते आपण पाहिलं आहे, तिथे तर दोर, जॅकेट, प्रशिक्षण असं सगळं असलेली माणसं होती.

गोव्याने या दोन टोकांच्या मधली वाट काढली. गोव्याला कोणी दारूबंदीवाला म्हणणार नाही. तरी 2019 मध्ये तिथल्या पर्यटनस्थळ संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन किनाऱ्यावर उघड्यावर पिणं आणि स्वयंपाक करणं बंद झालं: तेव्हा एकट्याला दोन हजार, टोळक्याला दहा हजार दंड होता. त्याआधीच, 2008 पासून, किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक उभे राहू लागले होते. दारू शंभर पावलांवर शॅकमध्ये मिळते, वाळूवर नाही. अंमलबजावणीत त्यांच्याकडेही भोकं आहेत, फुटक्या बाटल्या अजून पायाला लागतात. पण विचार नेमका आहे. त्यांनी माणसाला दारूपासून सोडवायचा घाट घातला नाही, दारू आणि पाणी यांच्यात अंतर ठेवलं.

भंडारदऱ्याला तेच अंतर ठेवायचं तर ते धक्क्यावरच ठेवावं लागेल, आणि नकार बोटवाल्याच्या तोंडून येता कामा नये. काळ्यापिवळ्या जीपच्या अड्ड्यावर नंबर असतो. तसा नंबर बोटींना लावावा आणि तिकीट एका खिडकीतून द्यावं. खिडकीतला माणूस गावच्या समितीचा, पगारी. पाटी मोठी आणि मराठी-हिंदीत: प्यायलेल्याला तिकीट नाही, जॅकेटच्या पट्ट्या आवळल्याशिवाय बोट सुटणार नाही, सूर्यास्तानंतर फेरी नाही. वाद झाला तर तो खिडकीशी होईल, बोटीशी नाही. दोन्ही हंगामांतल्या शनिवार-रविवारी तिथे एक पोलिस किंवा गृहरक्षक दलाचा जवान आणि नाकाबंदीतलं तेच यंत्र ठेवलं तर वाद लवकर मिटतील. घाटात चालकापुढे धरतात ते इथे प्रवाशापुढे धरायचं. ज्या ग्रुपला नाकारलं त्याच्यासाठी दुसरी बोट असणार नाही, कारण खिडकी एकच. तंबूवाल्यांनाही परवानगी देताना एक अट हवी, की तंबूंची रांग पाण्यापासून लांब, मधे दोर आणि उजेड, आणि रात्री जागा राहणारा एक माणूस. यातलं काहीही मुंबईहून मंजूर होऊन येण्याची वाट पाहायची गरज नाही.

राहिला प्रश्न बुडालेल्या मजुरीचा, आणि माझ्या मते सगळं त्यावरच अडतं. नाकारलेल्या फेरीचे पैसे बोटवाल्याला मिळालेच पाहिजेत, नाहीतर महिन्याभरात खिडकीच्या मागच्या बाजूने बोटी सुटू लागतील. यासाठी नवा निधी काढावा लागणार नाही. काजव्यांच्या हंगामात अभयारण्याच्या नाक्यावर गाड्यांकडून आणि माणसांकडून शुल्क घेतलं जातं, पावत्या फाडल्या जातात. त्यातला ठरावीक वाटा रिकाम्या फेऱ्यांच्या भरपाईला बाजूला काढावा. किती, ते शेंडी, मुरशेत, रतनवाडीच्या ग्रामसभांनी बोटवाल्यांना समोर बसवून ठरवावं. रक्कम फार मोठी होणार नाही, कारण पहिल्या दोन-तीन शनिवारी ग्रुप परत पाठवले गेले की भंडारदऱ्याच्या धक्क्यावर काय चालत नाही हे कल्याण-नाशिकला व्हॉट्सॲपवरून आपोआप पोचेल.